गुठळीने बंद पडलेली धमनी आणि मेडिकेटेड स्टेंट: लगेच बसवावा की आधी गुठळी आवरावी?

रात्रपाळी

प्रश्न प्रायमरी अँजिओप्लास्टीचा, म्हणजे हार्ट अटॅक चालू असतानाच धमनी उघडण्याचा आहे, त्यामुळे प्राथमिक गोष्टी सोडून थेट मुद्द्यावर येतो.

समजा, साठीचा रुग्ण आहे. छातीत दुखायला लागून तीन तास झालेत, ईसीजीत लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी (धमनी ठप्प झाल्याचं सांगणारा आलेखाचा भाग) वर गेलेला. अँजिओग्राफीत उजवी धमनी मधोमध ठप्प. वायर पलीकडे गेली, बारीक धार सुरू झाली आणि आता दिसतंय की आत दीड-दोन सेंटिमीटर लांबीची गुठळी लोंबतेय. टेबलाभोवती तीन माणसं, तीन मतं. एक म्हणतो, सरळ मेडिकेटेड स्टेंट (औषधाचा लेप असलेली धातूची जाळी) लावा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, आधी गुठळी ओढून काढा. तिसऱ्याचं म्हणणं, लेपामुळे भिंत भरून यायला उशीर होतो, मग गुठळीच्या जागी असा स्टेंट म्हणजे विकतचं दुखणं. त्यापेक्षा साधा धातूचा बरा.

मला समजून घ्यायचंय ते असं: लेपाचा आणि गुठळीचा संबंध नेमका काय? ओढायची तर कधी आणि कशी, म्हणजे ती मेंदूत जाणार नाही? त्या घटकेला धमनी असते त्यापेक्षा बारीक दिसते, मग व्यास ठरवताना भरवसा कशावर ठेवायचा? आणि स्टेंट फुगवल्यावर प्रवाह एकदम थांबला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

नाडीपरीक्षक

तिसऱ्या माणसापासून सुरुवात करतो, कारण त्याचं म्हणणं एके काळी चुकीचं नव्हतं.

लेपामुळे गुठळी विरघळते हा समज आधी डोक्यातून काढा. आजच्या लेपात सिरोलिमस किंवा त्याच्याच कुळातलं औषध असतं: एव्हरोलिमस, झोटारोलिमस, बायोलिमस. ही औषधं पेशीतल्या एमटॉर नावाच्या प्रथिनाला आवर घालतात, त्यामुळे भिंतीतल्या स्नायुपेशींचं विभाजन थांबतं. त्याचा फायदा दिसतो सहा ते नऊ महिन्यांनी, साध्या स्टेंटच्या आत ऊतक वाढून जागा पुन्हा अरुंद झाली असती तेव्हा. आज रात्रीच्या गुठळीवर त्या औषधाचा काडीचाही परिणाम नाही. उलट तेच औषध आतलं अस्तर भरून यायलाही उशीर लावतं.

पहिल्या पिढीत हा उशीर महागात पडायचा. सायफर हा लेपित स्टेंट २००३ मध्ये आणि टॅक्सस २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. सायफरच्या जाळीची तार १४० मायक्रॉन जाड आणि तिच्यावरचा पॉलिमर (औषध धरून ठेवणारा थर) कायमचा. बसवल्यानंतर वर्ष उलटून अचानक बंद पडणाऱ्या स्टेंटवरून २००६ मध्ये मोठा गदारोळ झाला. हार्ट अटॅकच्या रुग्णात धोका जास्त, कारण तिथे तारा फाटलेल्या मेदाच्या लगद्यावर टेकलेल्या असतात आणि अशा जागी अस्तर सगळ्यात शेवटी येतं.

दुसऱ्या पिढीने चित्र पालटलं. एव्हरोलिमसच्या झायन्स स्टेंटची तार ८१ मायक्रॉनची, आणि लेपही सायफरपेक्षा बराच पातळ. एक्झामिनेशन या चाचणीत एसटी वर गेलेल्या सुमारे १५०० रुग्णांत हा स्टेंट आणि साधा धातूचा स्टेंट यांची थेट तुलना झाली, निकाल २०१२ मध्ये आले. वर्षभरात निश्चितपणे गुठळी होऊन बंद पडलेले स्टेंट साध्या गटात १.९ टक्के, लेपित गटात ०.५ टक्के. म्हणजे तिसऱ्या माणसाच्या भीतीच्या अगदी उलट.

असं का व्हावं? त्या स्टेंटचा पॉलिमर फ्लुरिनयुक्त आहे, आणि अशा पृष्ठभागावर प्लेटलेट उघड्या धातूपेक्षा कमी चिकटतात. शिवाय बारीक तारेमागे रक्ताचे भोवरे कमी होतात. तेव्हा गुठळीविरुद्ध लेप मदत करतोच, पण ती मदत औषधाची नाही, ते औषध धरून ठेवणाऱ्या पॉलिमरची आहे. पुढे ६० मायक्रॉनची तार आणि विरघळणारा पॉलिमर असलेल्या ओर्सिरोने २०१९ च्या बायोस्टेमी चाचणीत, एसटी वर गेलेल्या १३०० रुग्णांत, झायन्सलाही मागे टाकलं. ६० मायक्रॉन हा आकडा ३ मि.मी. पर्यंतच्या स्टेंटचा, त्याहून मोठ्यांत तार ८० मायक्रॉन असते.

हा झाला स्टेंटच्या निवडीचा निकाल. पण एक मेख आहे. तार आणि भिंत यांच्यामध्ये गुठळीचा थर राहिला तर औषध त्या थरातच मुरतं, भिंतीपर्यंत कमी पोचतं. चार दिवसांनी तो थर विरघळला की तार भिंतीपासून सुटून रक्तात तरंगते. म्हणून गुठळी कमी करणं आणि व्यास बरोबर घेणं ही वेगवेगळी कामं समजू नका.

अवांतर: गुठळीसाठी म्हणून खास लेप लावून पाहिलेला आहे. नव्वदच्या दशकात पामाझ-शॅट्झ स्टेंटवर हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध चढवलं होतं आणि १९९९ च्या स्टेंट-पामी चाचणीत तो हार्ट अटॅकच्या ९०० रुग्णांत नुसत्या फुग्याशी ताडून पाहिला. पण ॲस्पिरिनच्या जोडीला दुसरी गोळी दिल्यावर साधे स्टेंटही पहिल्या महिन्यात बंद पडेनासे झाले आणि त्या लेपाची गरजच मागे पडली. सोन्याचा मुलामा दिलेले स्टेंटही आले होते. त्यात जागा साध्या पोलादापेक्षा जास्त वेळा अरुंद झाली.

सहा_फ्रेंच

ओढण्याबद्दल लिहितो.

आधी हिशेब. टापास (२००८, १०७१ रुग्ण) नंतर सगळीकडे सरसकट गुठळी ओढायची पद्धत पडली. मग टेस्ट (२०१३, ७२४४ रुग्ण) आणि टोटल (२०१५, १०,७३२ रुग्ण) आल्या आणि सरसकट ओढण्याने मृत्यू कमी होत नाहीत हे दिसलं. टोटलमध्ये तर ३० दिवसांतला पक्षाघात ओढलेल्या गटात ०.७ टक्के, न ओढलेल्यात ०.३. तेव्हा प्रत्येकात ओढणं बंद. वायर गेल्यावर, किंवा छोटा फुगा एकदा हलकेच फिरवल्यावरही मोठी गुठळी समोर दिसत असेल आणि प्रवाह येत नसेल, तरच.

वर दिलेल्या उदाहरणात मी ओढण्याच्या बाजूने. आता पद्धत, कारण पक्षाघात बहुतेक पद्धतीतल्या ढिलाईने होतो.

हेपॅरिन पुरेसं झालंय याची खात्री न करता कॅथेटर आत घालू नका. प्रतिकिलो ७० ते १०० युनिट; टिरोफिबानसारखं, शिरेतून द्यायचं प्लेटलेटविरोधी औषध सोबत देणार असाल तर ५० ते ७०. एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) हेमोक्रॉन यंत्रावर ३०० ते ३५० सेकंद, हेमोटेकवर २५० ते ३००. टिरोफिबान चालू असेल तर २०० ते २५०. दोन यंत्रांचे आकडे वेगळे असतात हे विसरून लोक एकाचा आकडा दुसऱ्याला लावतात.

कॅथेटर हेपॅरिनच्या सलाइनने धुऊन घ्या, आत हवा नको. ३० मि.ली.ची लॉक होणारी सिरिंज जोडा, दट्ट्या पूर्ण मागे ओढून लॉक करा, पण मधला स्टॉपकॉक बंद ठेवा. गुठळीच्या एक-दोन सेंटिमीटर अलीकडे आल्यावरच स्टॉपकॉक उघडा. म्हणजे ओढ आधी सुरू आणि पुढे सरकणं नंतर. उलट केलं की कॅथेटरचं टोक गुठळी पुढे ढकलतं. हळूहळू पुढे जा, सिरिंजमध्ये पडणाऱ्या रक्ताकडे नजर ठेवा.

रक्त येता येता थांबलं की सगळ्यात जास्त चुका होतात. थांबलं याचा अर्थ बहुधा टोकाला तुकडा अडकलाय. तिथे कॅथेटर फ्लश करायचं नाही, ओढ तोडायची नाही. ओढ तशीच चालू ठेवून अख्खं कॅथेटर बाहेर आणा. त्या आधी गाइड (बाकी सामान ज्यातून आत जातं ती नळी) धमनीच्या तोंडात थोडं खोल बसवून घ्या. गाइड महाधमनीत लोंबत असेल तर टोकाचा तुकडा तिथे निसटतो आणि थेट मेंदूकडे जाऊ शकतो. कॅथेटर बाहेर आल्यावर वाय-कनेक्टर उघडून गाइडमधून चांगलं रक्त वाहू द्या, मगच डाय (चित्रात धमनी दाखवणारं द्रव्य). गाइडमध्येच तुकडा बसलेला असू शकतो, आणि प्रेशरची लाट चपटी झाली असेल तर तो नक्की आहे असं धरून चाला. चपट्या लाटेवर डाय मारला म्हणजे तो तुकडा स्वतःच्या हाताने आत पाठवला.

सिरिंजमधलं रक्त जाळीतून ओता. तांबडी, मऊ गुठळी म्हणजे ताजी. पांढरट, चिवट निघाली तर तिच्यात प्लेटलेट जास्त. बारा-चोवीस तास उलटलेल्या गुठळीत फायब्रिन घट्ट झालेलं असतं, ती अशा बारीक नळीतून येत नाही. चार वेळा घालत बसू नका. दोन फेऱ्यांत काही हाती लागलं नाही तर पुढच्या पायरीकडे.

मायक्रॉन

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त 'छोटा फुगा हलकेच फिरवून' यावर जोर द्यायला हवा. २ मि.मी.चा फुगा कमी दाबावर, एकदाच. मोठ्या फुग्याने गुठळी चेचत बसलं तर तिचा चुरा होऊन खालच्या केशवाहिन्यांत जातो. धार आली, स्टेंटचं टोक कुठे उतरवायचं ते दिसलं, की फुग्याचं काम संपलं. जागा नीट दिसत असेल आणि कॅल्शियम नसेल तर फुगाही न वापरता थेट स्टेंट उत्तम. जाळीखाली गुठळी दबून राहते.

आता व्यास. प्रवाह थांबलेली धमनी आकसलेली असते, त्यात भिंतीला गुठळीचं अस्तर. डोळ्यांनी मोजलं तर ३.५ ची धमनी २.७५ वाटते. पहिलं काम, सिस्टॉलिक दाब बऱ्यापैकी असेल तर धमनीतच १०० ते २०० मायक्रोग्रॅम नायट्रोग्लिसरीन, आणि एक-दोन मिनिटं थांबून पुन्हा चित्र. मात्र या उदाहरणात उजवी धमनी आहे. उजव्या जवनिकेला फटका बसलेला असेल तर नायट्रेटने दाब धाडकन कोसळतो, म्हणून आधी उजव्या बाजूचा ईसीजी पाहिलेला असावा. रुग्णाने सिल्डेनाफिल (व्हायग्रा) वगैरे घेतलंय का हेही विचारावं. संकोचामुळे आपणहून कोणी सांगत नाही.

दुसरं, आत कॅमेरा घाला. आयव्हस (धमनीच्या आतून ध्वनिलहरींनी चित्र) असेल तर फारच छान. ओसीटीचं, म्हणजे प्रकाशाने काढलेलं, चित्र जास्त तीक्ष्ण, पण तांबड्या गुठळीमागे त्याची काळी सावली पडते आणि भिंत दिसत नाही. पांढऱ्या गुठळीत ही अडचण कमी. ओसीटीला डायही जास्त लागतो. आयव्हसला गुठळीपलीकडची बाहेरची रेषा दिसते. त्या बाहेरच्या रेषेवरून मोजलं तर आलेला आकडा पाव मि.मी.च्या खालच्या टप्प्यावर आणा; आतल्या पोकळीवरून मोजलं तर वरच्या टप्प्यावर न्या.

स्टेंटची दोन्ही टोकं निरोगी दिसणाऱ्या भागात उतरायला हवीत. आयव्हसवर जिथे मेदाचा थर निम्म्यापेक्षा कमी आहे तिथे. मऊ मेदात टोक आलं की तिथेच चीर पडते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुन्हा गुठळी.

बसवल्यावर काय पाहायचं? लेफ्ट मेन (डावी मुख्य धमनी) सोडून इतरत्र आतलं किमान क्षेत्रफळ आयव्हसवर ५.५ चौ.मि.मी. किंवा ओसीटीवर ४.५ च्या वर, नाहीतर शेजारच्या निरोगी भागांच्या सरासरीच्या ८० टक्क्यांच्या वर. तार भिंतीपासून ०.४ मि.मी. किंवा जास्त दूर आणि तेही एका मि.मी.हून लांब पट्ट्यात, तर फुगा घाला. टोकाची चीर ६० अंशांपेक्षा रुंद, २ मि.मी.हून लांब आणि मधल्या थरापर्यंत खोल असेल तर सोडू नका.

नंतर जास्त दाबाचा फुगा मारायचा की नाही यावर दोन तट आहेत. मारला तर चुरा खाली जाण्याची भीती, नाही मारला तर स्टेंट अर्धवट उघडा राहण्याची. माझं मत: व्यास आधीच बरोबर घ्या म्हणजे ही वेळ कमी येईल. तरी अर्धवट राहिलाच तर मारा, पण एकदाच, नॉन-कम्प्लायंट (ठरल्या मापापलीकडे फारसा न फुगणाऱ्या) फुग्याने, स्टेंटच्या आतल्या आत. गुठळीच्या भीतीने कमी उघडलेला स्टेंट सोडून देणं हे लेपित स्टेंट बंद पडण्याचं मोठं कारण आहे. त्याला कितीही महागडी गोळी पुरत नाही.

आणि हो, प्रत्येक स्टेंटला ताणण्याची मर्यादा असते. ३ मि.मी.चा स्टेंट फुग्याने कितीही ताणून प्रत्येक वेळी ४.५ होत नाही. जाळीची वीण तुटते आणि लेपही तडकतो. माहितीपत्रकात कमाल व्यास छापलेला असतो. उजवी धमनी मोठी वाटत असेल तर सुरुवातीलाच वरच्या गटातला स्टेंट घ्या.

शंकासुर

धार आलीच आहे, दुखणं थांबलंय, मग काहीच न लावता फक्त औषधं देऊन दोन दिवसांनी पाहिलं तर? गुठळी तोवर आपोआप कमी झालेली असेल.

मायक्रॉन

कल्पना आकर्षक आहे, म्हणूनच ती तपासून झाली. दानामी-३-डेफर, २०१६, १२१५ रुग्ण. स्टेंट पुढे ढकलल्याने फायदा दिसला नाही आणि ढकललेल्या गटात त्याच धमनीवर अचानक पुन्हा काम करावं लागण्याचं प्रमाण जास्त निघालं. सरसकट नकोच.

पण दोन अपवाद मनात ठेवा. एक, फुगलेली, पाच-सहा मि.मी.ची धमनी, जिच्यात बसेल असा स्टेंटच हाताशी नाही, आणि प्रवाह पूर्ण आहे. दुसरा, ओसीटीवर मेदाची गाठ फाटलेली नाही, नुसती अस्तराची झीज आहे, प्रवाह पूर्ण आणि उरलेला अडथळा ७० टक्क्यांच्या आत. असा रुग्ण बहुधा तरुण असतो. त्याला नुसत्या औषधांवर ठेवणं अशक्य नाही. दोन्हीत अट एकच: टेबलावरून उतरताना प्रवाह पूर्ण हवा आणि एसटी खाली आलेला हवा.

रात्रपाळी

ओसीटीमध्ये तांबड्या गुठळीमागे सावली पडते हा मुद्दा माझ्या ध्यानातच नव्हता. शेवटचा प्रश्न राहिला: स्टेंट फुगवला, जाळी सुंदर उघडली आणि डाय मधेच थबकला. कोणती औषधं, किती, आणि कशात मिसळून?

नाडीपरीक्षक

औषधाकडे हात जाण्याआधी तीस सेकंद चित्राकडे पाहा. थबकण्याची कारणं चार: टोकाला चीर, धमनी आवळली जाणं, पुढे सरकलेली गुठळी, किंवा खरंच केशवाहिन्या तुंबल्या आहेत. हवेचा बुडबुडाही असतो, तो गाइडमधून गेलेला. चीर असेल आणि तुम्ही ॲडिनोसिन मारत बसलात तर वेळ गेला.

खरंच नो-रिफ्लो, म्हणजे केशवाहिन्याच तुंबलेल्या, असेल तर औषध गाइडमधून देऊ नका. पुढे प्रवाहच नाही, त्यामुळे ते मागे महाधमनीत सांडतं, दाब पडतो आणि जिथे हवं तिथे पोचत नाही. मायक्रोकॅथेटर किंवा ओढायचंच कॅथेटर स्टेंटच्या पलीकडे नेऊन तिथे सोडा. नायट्रोग्लिसरीन मोठ्या धमनीवर चालतं, केशवाहिन्यांवर नाही; ते देऊन 'काहीच झालं नाही' म्हणून निराश होण्यात अर्थ नाही.

मिसळणी आधीच लेबल लावून तयार ठेवा. ॲडिनोसिनची ६ मि.ग्रॅ.ची कुपी १०० मि.ली. सलाइनमध्ये टाकली की एका मि.ली.ला ६० मायक्रोग्रॅम, दोन मि.ली. एका वेळी. उजव्या धमनीत दिल्यावर काही ठोके गळतात, घाबरू नका, औषध काही सेकंदांत संपतं. नायट्रोप्रुसाइड ५० मि.ग्रॅ. ५०० मि.ली. डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे एका मि.ली.ला १०० मायक्रोग्रॅम. ५० ते २०० मायक्रोग्रॅम द्या, उजेडापासून झाकून ठेवा. व्हेरापॅमिल १०० ते २५० मायक्रोग्रॅम, पण ठोके मंद किंवा दाब कमी असेल तर नको.

दाब आधीच पडलेला असेल तर वरची तिन्ही नावं बाजूला ठेवा आणि ॲड्रेनलिन घ्या. १ मि.ग्रॅ. दहा मि.ली.मध्ये, त्यातलं एक मि.ली. पुन्हा दहापर्यंत नेलं की एका मि.ली.ला १० मायक्रोग्रॅम. ५० मायक्रोग्रॅमपासून सुरू करा. दोनदा पातळ केलेलं आणि एकदा पातळ केलेलं, या दोन सिरिंज शेजारी पडल्या असतील तर दहापट डोस जायला क्षण लागतो. पहिली फेकून द्या.

गुठळी उरली असेल तर टिरोफिबान, प्रतिकिलो २५ मायक्रोग्रॅम पाच मिनिटांत, मग ०.१५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिट.

गोळीबार

टिरोफिबानला एक पुरवणी. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) ६० किंवा खाली असेल तर पुढचा ड्रिप निम्मा, ०.०७५. पहिला डोस मात्र पूर्णच. आणि सुरू केल्यापासून चार-सहा तासांनी प्लेटलेट मोजा. कधी कधी त्या वेगाने कोसळतात.

गोळ्यांचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो, कारण लेपित स्टेंटचं पुढचं वर्ष त्यांच्यावरच उभं असतं. सुरुवातीला ॲस्पिरिन १५० ते ३०० मि.ग्रॅ. चावून. त्यासोबत प्रासुग्रेल ६० मि.ग्रॅ. किंवा टिकाग्रेलॉर १८० मि.ग्रॅ.; दोन्ही नसतील तर क्लोपिडोग्रेल ६०० मि.ग्रॅ. पूर्वी पक्षाघात किंवा टीआयए (थोड्या वेळात ओसरणारा पक्षाघातासारखा झटका) झालेल्याला प्रासुग्रेल नाही. वय ७५ च्या वर किंवा वजन ६० किलोच्या आत असेल तर रोजचा डोस १० ऐवजी ५ मि.ग्रॅ.

यात एक छुपी अडचण आहे. मॉर्फिन दिलेल्या किंवा ओकणाऱ्या रुग्णाच्या पोटातून गोळी तासन्तास पुढे सरकत नाही. कागदावर लोडिंग झालेलं असतं, प्लेटलेटवर शून्य परिणाम, आणि आपण ताजा धातू रक्तात सोडतो. टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल कुटून पाण्यातून दिलं तर लवकर लागू पडतं. कॅन्ग्रेलॉर हाताशी असेल तर शिरेतून, प्रतिकिलो ३० मायक्रोग्रॅम आणि मग ४ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिट.

आधी टेनेक्टेप्लेसने गुठळी विरघळवायचा प्रयत्न झाला असेल तर गणित वेगळं. त्या वेळी क्लोपिडोग्रेलच. ७५ वर्षांपर्यंत ३०० मि.ग्रॅ., त्याहून जास्त वयात ७५ मि.ग्रॅ. साठ ते नव्वद मिनिटांनी एसटी निम्म्याहून कमी उतरला तर लगेच अँजिओप्लास्टी, उतरला तर दोन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी.

पुढे नेहमीचा हिशेब बारा महिने दोन गोळ्या. टिकाग्रेलॉरसोबत ॲस्पिरिन रोज १०० मि.ग्रॅ.च्या वर नेऊ नका. रक्तस्रावाचा धोका मोठा असेल तर मुदत आखडता येते, पण ती बसवणाऱ्याने कागदावर लिहून दिलेली हवी. ट्वायलाइट (२०१९) आणि टायको (२०२०) मध्ये तीन महिन्यांनी ॲस्पिरिन थांबवून एकटं टिकाग्रेलॉर चाललं. पण स्टॉपडॅप्ट-२ एसीएस मध्ये एक-दोन महिन्यांतच एकट्या क्लोपिडोग्रेलवर आणलं, तेव्हा ते बारा महिन्यांच्या बरोबरीचं आहे असं सिद्ध झालं नाही. म्हणजे कोणती गोळी मागे उरते यावर सगळं आहे.

एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाचे ठोके अनियमित असलेला) रुग्ण असेल तर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि रक्त पातळ करणारी गोळी अशी तिन्ही औषधं एकत्र साधारण आठवडाभर, गुठळीचा धोका फारच असेल तर महिना. नंतर रक्त पातळ करणारी गोळी आणि क्लोपिडोग्रेल. इथे प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर टाळा.

गोळ्या बंद पडण्याची कारणं मात्र फार साधी असतात. दात काढायचा म्हणून कोणीतरी दोन्ही थांबवतं; दात काढायला एकही थांबवायची गरज नसते, जागेवर टाका आणि दाबून धरलेला बोळा पुरतो. टिकाग्रेलॉरने दम लागतो आणि रुग्ण आपणहून सोडतो. त्याला आधीच सांगून ठेवा की हा दम हृदयाचा नसू शकतो, सोडू नको, ये, आपण बदलू. बदलायचं तर शेवटच्या टिकाग्रेलॉरनंतर २४ तासांनी क्लोपिडोग्रेल ६०० मि.ग्रॅ., नुसती ७५ नव्हे. पित्तासाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल क्लोपिडोग्रेलसोबत नको, पँटोप्राझोल द्या. टिकाग्रेलॉरची एक गोळी चुकली तर पुढची ठरल्या वेळी. दोन एकदम नाही. टाळता येणारी शस्त्रक्रिया वर्षभर पुढे. अगदीच अडलं तर किमान तीन महिने जाऊ द्या, ॲस्पिरिन चालू ठेवा, आणि दुसरी गोळी आधी थांबवा: प्रासुग्रेल सात दिवस, क्लोपिडोग्रेल पाच, टिकाग्रेलॉर तीन ते पाच.

सहा_फ्रेंच

एक गोष्ट राहिली, कारण सामान आणताना घोटाळा होतो. लेपित म्हणजे औषधाचा मुलामा असलेला. आच्छादित म्हणजे पीटीएफई किंवा पॉलियुरेथेनचा पडदा चढवलेला, जो धमनीला भोक पडलं तर लावतात. दुसरा गुठळीसाठी नाही. तो बाजूच्या फांद्या बंद करतो आणि स्वतःच गुठळी धरायला जास्त तयार असतो. घाईत 'कोटेड द्या' असं ओरडू नका, नाव आणि माप मोठ्याने सांगा, समोरच्याने ते परत म्हणावं.

रात्रपाळी

आणि हे सगळं करूनही तोच स्टेंट आठवड्याने बंद झाला तर?

मायक्रॉन

तो सबॲक्यूट झाला: २४ तासांच्या आत ॲक्यूट, ३० दिवसांपर्यंत सबॲक्यूट, वर्षापर्यंत लेट, त्यापुढे व्हेरी लेट. पहिल्या महिन्यात कारण बहुधा यांत्रिक असतं: कमी उघडलेला स्टेंट किंवा टोकाची चीर; नाहीतर बंद केलेली गोळी. वर्षानंतर स्टेंटच्या आत नव्याने साठलेला मेद फाटलेला दिसतो.

प्रवाह आणा, आणि मग दुसरा स्टेंट उघडायच्या आधी आयव्हस घाला. कमी उघडलाय असं दिसलं तर नॉन-कम्प्लायंट फुगा पुरतो, वर आणखी एक जाळी चढवून पोकळी अजून अरुंद करायची नाही. टोकाला चीर असेल तर तेवढ्यापुरता छोटा स्टेंट. काहीच यांत्रिक दिसत नसेल तर गोळीकडे वळा: खरंच घेत होता का, आणि क्लोपिडोग्रेलवर असेल तर ती त्याला लागूच पडत नाही का. सीवायपी२सी१९ जनुकाच्या प्रकारामुळे काहींच्या शरीरात ती गोळी औषधात बदलतच नाही. अशा रुग्णाला प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉरवर न्या, तेही टेबलावर असतानाच.